भोजू नाईक तांड्याची ओळ

माझ्या निरोपसमारंभात साहेबांनी भाषण केलं. "मॅडमनी आयुष्यभर आकड्यांची सेवा केली," असं म्हणाले आणि माझ्या हातात शाल-श्रीफळ ठेवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, तो नारळ तिथंच टेबलावर आपटावा. पण समोर सूनबाई मोबाइलवर व्हिडिओ काढत बसली होती, म्हणून गप्प राहिले. तेव्हा गिळलेलं आता लिहून काढते. दिवाळी अंकवाल्यांनी 'नोकरीतले गमतीदार अनुभव' मागितले आहेत. वाटेत एखादा गमतीदार निघाला तर निघाला, बाकीच्यासाठी माझा नाइलाज आहे.

आकड्यांची सेवा म्हणे! आकड्याला काय कळतं? आकडा कुणाच्याही नावावर नेऊन बसवा, तो तिथं मुकाट्यानं बसतो. त्याला बरोबर नावावर बसवणं हे माझं काम होतं, आणि ज्या एका नावासाठी मी त्या कचेरीत घसा फोडून भांडले, त्याचा त्या भाषणात उल्लेखसुद्धा नव्हता.

मी यवतमाळला पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत होते. आमच्या जिल्ह्यात जमिनीखालच्या पाण्यात कुठं कुठं फ्लोराइड असतं. ते डोळ्याला दिसत नाही, जिभेला लागत नाही, पाणी उलट गोडच वाटतं. पण वर्षानुवर्षं पीत राहिलं की लहान मुलांचे पक्के दात येतात तेच पिवळे-तपकिरी पट्टे घेऊन, आणि ते पट्टे कशानंही घासून जात नाहीत. म्हाताऱ्यांची कंबर आखडते, गुडघे वाकत नाहीत. गावोगावची बाटली आमच्याकडे यायची. केमिस्ट त्यातलं फ्लोराइड, नायट्रेट, क्षार मोजायचे आणि कागद माझ्या टेबलावर यायचा. तिथून पुढचं माझं. पाणी चांगलं निघालं तर गावाला 'पिण्यास योग्य'चा अहवाल जायचा. वाईट निघालं तर हातपंपाला लाल रंग मारायचा, म्हणजे आंघोळ करा, भांडी घासा, गुरांना पाजा, पण माणसानं प्यायचं नाही.

आधी हे सगळं साध्या तक्त्यांत चालायचं. एकदा साहेबांना गावांची नावं अकारविल्हे हवी होती. आमच्या एका बाबूनं फक्त नावांचा रकाना निवडला आणि क्रम लावून टाकला. नावं हलली, आकडे जागच्या जागी! दारव्ह्याचं पाणी घाटंजीला गेलं, घाटंजीचं आर्णीला, आणि उमरखेडच्या एका विहिरीत तर इतके क्षार निघाले की केमिस्ट स्वतःच धावत आले. बाबू म्हणतो, "मॅडम, मी तं फक्त नावं सरळ केली." सरळ केली! सगळा जिल्हा वाकडा करून ठेवला आणि वरून चहा मागवून राहिला होता.

त्यानंतर मी हट्टानं आर शिकले. आर ही सांख्यिकीची संगणकभाषा आहे, नाव एवढंच, एकाच अक्षराचं. घाबरू नका, समजायला अवघड नाही. आडव्या ओळी आणि उभे रकाने, असं एक कोष्टक डोळ्यांसमोर आणा. तिथं त्याला मॅट्रिक्स म्हणतात. ओळ म्हणजे एक विहीर किंवा एक हातपंप. रकाना म्हणजे फ्लोराइड, नायट्रेट वगैरे. आता त्यातला एखादा आकडा हवा असेल तर विचारायच्या दोन रीती आहेत. एक, नंबरानं: अमुकाव्या ओळीतला तमुकावा रकाना दे. दुसरी, नावानं: चौकटी कंसात ओळीचं नाव लिहायचं, स्वल्पविराम, मग रकान्याचं नाव. "नेर, फ्लोराइड." की नेरचं फ्लोराइड हजर.

नंबरानं विचारणं सोपं वाटतं. पण दारव्ह्याच्या बसस्टँडवर 'तिसरी गाडी नेरची' एवढंच पाठ करून डोळे मिटून चढा, कधीतरी पुसदला उतराल. मधे एक गाडी येऊन लागली की तिसरी ती चौथी होते. पाटी वाचून चढणारा माणूस चुकत नाही. म्हणून मी प्रत्येक ओळीला नाव द्यायचे, एक एक करून, गावाचं, वस्तीचं, त्यातल्या विहिरीचं. ऑफिसातले हसायचे. "मॅडमचं बारसं चालू हाये," म्हणायचे. मी म्हणायचे, "हो, चालू हाये. घुगऱ्या खायले या."

आणि या भाषेचा एक गुण मला फार आवडायचा. जे नाव कोष्टकात नाही ते विचारलं तर ती अंदाजपंचे काही देत नाही. थांबते. लाल अक्षरांत 'सबस्क्रिप्ट आउट ऑफ बाउंड्स' असं लिहून मोकळी होते. म्हणजे, बाई, या नावाचं माझ्याकडे कुणी नाही. एवढा प्रामाणिकपणा मला त्या इमारतीत दुसऱ्या कुणातच आढळला नाही, आणि हे मी साहेबांसकट सगळ्यांना धरून म्हणते.

गमतीचा अनुभव इथंच सांगून टाकते, नाहीतर राहून जाईल. नेरचे एक रिटायर्ड गुरुजी दोन बाटल्या घेऊन आले. एकीवर लिहिलेलं 'घरची विहीर', दुसरीवर 'देवळाची विहीर'. अहवाल न्यायला आले तेव्हा दोन्ही कागद शेजारी शेजारी धरून चष्म्यातून पाहिले आणि खुदकन हसले. "दोन्ही बाटल्या एकाच विहिरीच्या होत्या, मॅडम. तुमच्यावाली मशीन झोपून रायते का जागी हाये, ते पाह्यत होतो."

"मंग? जागी हाये ना?"

"जागीच हाये. पण हे दुसऱ्या कागदावर जरासा फरक काहून आला?"

"गुरुजी, एकाच पोराचे दोन पेपर तपासले तं तुम्ही दोन्हीवर सारखेच मार्क देत होते का?"

गुरुजी खो-खो हसले आणि पुढच्या खेपेला हुरड्याची पिशवी घेऊन आले. अशी माणसं असली की नोकरी बरी वाटते.

आता मुद्द्यावर येते.

वरून गावांची एक अधिकृत यादी आली. हुकूम असा की जिल्ह्याचा सगळा कारभार याच नावांनी चालेल. मी यादी उघडली. महसुली गावं सगळी होती. तांडे नव्हते. एकसुद्धा नाही! आमच्या भागात तांडे किती, हे इथल्या कुणालाही विचारा. पूर्वी बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरणारी गोर बंजारा माणसं, आता आपापल्या वस्तीत शेती करतात. तांड्याला नायकाचं नाव असतं. नायक मरून जातो, नाव राहतं. पण सरकारी कागदावर तांडा जवळच्या गावाच्या पोटात टाकलेला असतो. पोटात टाकलेल्याला वेगळं तोंड असतं, ते वेगळं पाणी पितं, हे त्या यादी करणाऱ्याच्या डोक्यात आलं नसावं.

आता बाटलीसोबत जी चिठ्ठी यायची, तिच्यावर लोक आपल्या तांड्याचं नाव लिहायचे. अहवाल छापताना संगणक ते नाव कोष्टकात शोधायचा. कोष्टक केलेलं नव्या यादीवरून. तांड्याचं नाव तिथं नाही. मग लाल अक्षरं, आणि सगळ्या जिल्ह्याची छपाई बंद. दिवसभर हेच.

साहेबांनी संगणकाचं काम बघणाऱ्या एजन्सीचा इंजिनिअर बोलावला. पुण्याचा मुलगा, हुशार, गोड बोलणारा, पाठीला बॅग. मी त्याला समजावून सांगितलं, "बाळा, हे मशीन बरोबर बोलून राहिलं. नाव नाही तर नाव घाला. तांड्यांच्या ओळी वाढवा."

साहेब म्हणाले, "यादीबाहेरचं नाव वर चालत नाही, मॅडम. मला रोज फोन येतात, अहवाल का थांबले म्हणून. ती एरर बंद करा."

"एरर बंद करायची म्हणजे काय, साहेब? दूधवाला पाणी घालतो म्हणून ओरडणाऱ्या बाईचं तोंड बांधायचं, दूधवाल्याला काही म्हणायचं नाही?"

"तुम्ही फार मनाला लावून घेता," साहेब म्हणाले.

इंजिनिअरनं अर्ध्या दिवसात काम केलं. काय केलं ते ऐका. जिथं जिथं तांड्याचं नाव दिसेल तिथं ते पुसून मूळ गावाचं नाव. चिठ्ठीत तेच, आणि कोष्टकात तांड्यांसाठी नव्या ओळी वाढवल्या त्यांच्यावरही तेच. म्हणजे वरूडखेड नावाच्या दोन ओळी झाल्या: एक वरूडखेड गावाच्या विहिरीची, आणि खाली दुसरी भोजू नाईक तांड्याच्या हातपंपाची, पण नाव तिचंही वरूडखेड. अशा किती जोड्या झाल्या असतील ते देव जाणे. छपाई सुरू झाली. एकही एरर नाही! साहेबांनी पेढे मागवले.

मी तिथंच म्हटलं, "एका नावाच्या दोन ओळी असल्या तर ही भाषा पहिलीच देते. दुसरी आहे हे सांगतसुद्धा नाही. तांड्यांचं काय?"

"ते हँडल केलंय, मॅडम," तो मुलगा म्हणाला.

"कसं केलं, दाखव."

साहेब मधे पडले. "मॅडम, छपाईचं काम आता सिस्टिम बघेल. तुम्ही फक्त आकडे भरा." आणि दुसऱ्या दिवशी माझ्या संगणकावरून छपाईचा भाग काढून घेतला. मला आत पाहताच येऊ नये अशी सोय केली. मी लेखी दिलं, पोच घेतली. ती पोच अजून माझ्याकडे आहे, तिला चाटू आता?

पुढं थोड्याच दिवसांत कमळाबाई आली. फुलसावंगीच्या पलीकडची, भोजू नाईक तांड्यातली, घरातली कर्ती बाई. पाण्याची बाटली पदरात धरून आणलेली. कडेवर नात, शीतल, अजून नीट चालताही येत नव्हतं तिला.

"आमच्यावाल्या पंपाचं पाणी हाये, बाई. मले शंका हाये. आमच्या तांड्यात पोट्ट्याइचे दात पिवळे, अन् माझी सासू उठाले गेली का भिताडाले धरते. वरूडखेडात असं नाई. मी घरच्याइले पंपाचं पाणी बंद केलं. आम्ही बाया वावरातल्या जुन्या विहिरीवरून आणतो."

"लांब आहे का?"

"लांब हाये, बाप्पा. पण काय करतं? हे लेकरू लहान हाये ना."

मी बाटलीवर माझ्या हातानं 'भोजू नाईक तांडा, हातपंप' लिहिलं. केमिस्टचा कागद आला. फ्लोराइड मर्यादेच्या कितीतरी वर. माझ्या मनात आलं, ही बाई खरी निघाली, आणि मी तो आकडा कोष्टकात खालच्या ओळीत काळजीपूर्वक भरला. त्या मुलाच्या 'हँडल केलंय'वर विसंबून, पंपाला लाल रंग लागेल आणि सुटेल एकदाचं, असं समजून मी पुढच्या कागदाला लागले.

कमळाबाईच्या तांड्यावर अहवाल गेला: 'पिण्यास योग्य.'

मला ते कळलं नाही. कळणार कसं, छपाई माझ्याकडे नव्हतीच. मला कळलं तेव्हा शीतल शाळेत जायला लागलेली होती.

दिवाळीनंतर कचेरी उघडली होती, काउंटरवर कुणीतरी जोरजोरात बोलत होतं. बाहेर आले तर कमळाबाई. केस पिकलेले, आवाज तोच. एका हातात आमचाच जुना अहवाल, घडी घालून घालून फाटायला आलेला. दुसऱ्या हाताला शीतल. कडेवर आता शीतलचा भाऊ, तान्हा.

"ओळखलं का, बाई?"

"ओळखलं, याडी. काय झालं?" याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. वयानं माझ्याएवढीच असेल, पण तोंडातून तेच गेलं.

तिनं शीतलची हनुवटी धरून वर केली. "दाखव वं, दात दाखव बाईले."

पोरीनं ओठ उघडले. समोरचे नवे पक्के दात, आणि त्यांच्यावर आडवे तपकिरी पट्टे. पोरीनं लगेच ओठ मिटून घेतले आणि माझ्याकडे न पाहता जमिनीकडे पाहत राहिली.

"तुमच्या कागदानं सांगतलं का पाणी चांगलं हाये," कमळाबाई म्हणाली. "मंग आम्ही विहीर सोडून देल्ली. बाया म्हणे, आता कायले लांब जाचं, सरकारनं लिहून देल्लं ना. मी म्हनलं, लिहून देल्लं तं खरं असन. अन् मीच हिले पंपाचं पाणी पाजलं, माझ्या हातानं. आता हा लहाना हाये. सांगा, याले काय पाजू?"

मी तिच्या हातातला कागद घेतला. वर लिहिलेलं: वरूडखेड. खाली फ्लोराइड, मर्यादेच्या आत. मी त्या पंपाचा आकडा विसरले नव्हते. बाटलीवर नाव लिहिणारी मी, आकडा भरणारी मी. हा आकडा त्या पंपाचा नव्हताच.

छपाईच्या संगणकावर बसलेल्या पोराला म्हटलं, "ऊठ." तो म्हणाला, "मॅडम, साहेबांना विचारून..." मी म्हटलं, "ऊठ म्हटलं ना!" तो उठला. मी जुनी फाइल उघडली आणि विचारलं: वरूडखेड, फ्लोराइड. उत्तर आलं, मर्यादेच्या आतलं. कागदावरचं तेच. मग दुसऱ्या पद्धतीनं विचारलं: ज्या ज्या ओळीचं नाव वरूडखेड आहे त्या सगळ्या दाखव. दोन ओळी आल्या. खालच्या ओळीत मी भरलेला आकडा होता. इतकी वर्षं तिथंच होता. त्याला कुणी कधी हाक मारली नाही.

तोवर साहेब बाहेर आले होते. "काय गोंधळ आहे?"

मी खुर्ची फिरवून स्क्रीन दाखवला. त्यांनी पाहिलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. म्हणाले, "टेक्निकल एरर झालेली दिसते."

मग मात्र माझा तोल गेला. लाज नाही वाटत सांगायला, मी सगळ्या हॉलमध्ये ऐकू जाईल असं ओरडले. "एरर कुठं झाली, साहेब? एरर तर आपण पेढे खाऊन बंद केली! एरर आली असती तर हिच्या हातात हा कागद पडला नसता. हे लेकरू विहिरीचं पाणी पीत राहिलं असतं. मशीन सांगत होतं का मला हे नाव माहीत नाही. आपण त्याला शिकवलं, शेजारणीचं नाव सांग अन् चालू लाग!"

"आवाज कमी करा, मॅडम."

"नाही करत!"

साहेबांनी कमळाबाईकडे पाहून स्वर मऊ केला. "बाई, आपण सुधारित अहवाल पाठवू. लगेच. फक्त गाजावाजा करू नका."

"गाजावाजा नाई करत, साहेब. कागदावर आमच्या तांड्याचं नाव लिहा," कमळाबाई म्हणाली.

"ते नाव यादीत नाही ना. हवं तर 'वरूडखेड दोन' असं लिहू."

"दोन नंबरचे हाओत का आम्ही?" कमळाबाईचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "यादीत नाई तं आम्ही रायतो कुठं? मत मांगाले येतात तवा तं बरोबर सापडतो. माझा आजेसासरा होता भोजू नाईक. त्याच्या नावाचा तांडा हाये. तुमच्या डब्यात त्याचं नाव मावत नाई काय?"

मी कीबोर्डकडे वळले. त्या भाषेत आणखी एक प्रश्न विचारता येतो: जी नावं कोष्टकात पुन्हा आलेली आहेत तेवढीच दाखव. मी विचारला. नावं येत गेली, स्क्रीन भरला, वर सरकला, पुन्हा भरला. प्रत्येक नावामागं एखादा तांडा, एखादा पोड, म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती, ज्यांचं पाणी तपासून झालेलं होतं, आकडा खरा होता आणि कागद शेजारच्या गावाचा गेला होता. साहेब शेजारच्या स्टुलावर बसले. "हे सगळे?" एवढंच म्हणाले.

"सगळे," मी म्हटलं. "यातले कोणते चांगले अन् कोणते वाईट, ते आता एक एक करून बघावं लागेल. तुम्ही सही करा, मी बघते."

त्यांनी सही केली. भीतीनं केली की लाजेनं, मला माहीत नाही, आणि मला ते जाणून घ्यायचंही नाही. मी त्याच दिवशी कोष्टकातली ती खालची ओळ उघडली आणि तिचं नाव लिहिलं: भोजू नाईक तांडा. मग छपाईच्या सुरुवातीलाच एक अट घालून ठेवली की एकसारखी दोन नावं दिसली तर पुढं जायचं नाही, जागेवर थांबायचं आणि ओरडायचं. दुसऱ्या दिवशी छपाई थांबली, लाल अक्षरं आली, साहेबांनी केबिनमधून वाकून पाहिलं आणि पुन्हा आत गेले. मी एकेका ओळीचं बारसं करत बसले. या वेळी कुणी हसलं नाही.

कमळाबाईला मी नवा अहवाल हातोहात दिला. 'पिण्यास अयोग्य', आणि वर तांड्याचं नाव. तिला वाचता येत नव्हतं. शीतलनं बोट ठेवून वाचून दाखवलं. मी म्हटलं, "पंपाला लाल रंग मारायला माणूस येईल, पण सरकारी माणूस आहे, वेळ लागेल. तोवर कुणी प्यायचं नाही."

"रंगाले कायले थांबाचं?" ती म्हणाली. "पोळ्याले बैलाच्या शिंगाले लावलेला लाल रंग उरला हाये घरी." त्याच संध्याकाळी तांड्यातल्या बायांनी पंप लाल केला. सरकारी रंग नंतर आला. तेव्हा बैलाच्या शिंगांचा रंग इतका पक्का बसला होता म्हणे, की रंगाऱ्यानं नुसतं बघून सही घेतली आणि परत गेला.

चौकशी झाली का, असं लोक विचारतात. झाली ना! 'प्रणालीतील त्रुटी' असं लिहून फाइल बंद झाली. प्रणालीतील त्रुटी! त्रुटीला हात नव्हते, पाय नव्हते, पुण्याहून ती बॅग घेऊन आली नव्हती. तो इंजिनिअर दुसऱ्या जिल्ह्यात गेला, साहेबांना बढती मिळाली, आणि मला शाल-श्रीफळ. पंप लाल झाले, काही तांड्यांना नळ आला, काही तांडे अजून पाण्यासाठी चालतात. आणि फाटलेला तो जुना कागद कमळाबाईकडून मी मागून घेणार होते, तर तिनं दिला नाही. म्हणाली, "राहू दे. पुढं कोणी म्हनलं का असं झालंच नव्हतं, तं दाखवाले कामी येईन."

रिटायर झाल्यावर मी एकदा मुद्दाम तांड्यावर गेले. फुलसावंगीहून जीपमध्ये कोंबून बसले, पुढं पायी. कमळाबाईनं मला बाजेवर बसवलं. वावरातल्या विहिरीला आता मोटर बसवली आहे, पाणी तांड्यापर्यंत येतं. लाल पंप कोपऱ्यात उभा होता, त्याच्या दांड्याला कुणाचा तरी टॉवेल वाळत घातलेला. शीतलचा भाऊ शाळेतून आला आणि मला पाहून आजीच्या पदराआडून हसला. सगळे दात दाखवून, पांढरेशुभ्र. माझा जीव भांड्यात पडला. मी त्याला जवळ ओढून पुन्हा हसायला लावलं, पुन्हा पाहिले.

मग शीतल पाणी घेऊन आली. उंच झालेली, वेणी कमरेपर्यंत. कमळाबाई काहीतरी थट्टेचं बोलली तशी ती हसली, आणि हसताना तिचा हात आपोआप तोंडावर गेला. तो हात किती सरावाचा आहे ते मला दिसलं.

"नाव काय गं तुझं? पूर्ण सांग," मी विचारलं. मला माहीत होतं, तरी विचारलं.

"शीतल प्रकाश राठोड, भोजू नाईक तांडा," तिनं शाळेत सांगतात तसं मोठ्यानं, गावासकट सांगितलं. तोंडावरचा हात तिनं काढला नाही.